आप्पांच्या समोरची बाजू

जाहीर प्रकटन. तमाम लोकांस, विशेषतः केज शहर व पंचक्रोशीतील ज्या ज्या दाम्पत्यांची वरात बाजारपेठेच्या रस्त्याने वाजतगाजत गेलेली आहे त्या सर्वांस, या लेखाद्वारे कळविण्यात येते की, आपल्या लग्नाच्या आल्बमची सदर लेखकाने भिंग लावून तपासणी केलेली असून, त्यात त्याने आपल्याकडे, म्हणजे नवरा-नवरीकडे, ढुंकूनही पाहिलेले नाही. कोणाची हरकत असल्यास ती मुदतीत नोंदवायला हवी होती. मुदत केव्हाच संपली आहे.

हुश्श. आता मांडी घालून बसतो आणि साध्या माणसासारखं सांगतो.

आमचं दुकान दोरीचं. दोरीचं म्हणजे दोरीबरोबर जे जे लागतं त्या सगळ्याचं. कासरे, वेसणी, घुंगरमाळा, घमेली, खुरपी, आणि दिवाळीच्या सुमाराला कोयते. शिरूरकडच्या टोळ्या ऊसतोडीला निघायच्या तेव्हा आमच्या ओट्यावर कोयत्यांची धार अंगठ्यावर बघत बसलेल्या असायच्या. दुकान वडिलांचं. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो, आणि गावही आप्पाच म्हणायचं. कपाळावर भस्माची तीन बोटं, पांढरी टोपी, आणि दाराशीच गादी. त्या गादीवर लोडाला टेकून ते रस्त्याकडं तोंड करून बसायचे. मागं माल, पुढं जग. मागच्या मालाकडं वळून न बघता ते हात मागं करून बरोब्बर हवा तो कासरा ओढून काढायचे, कारण डोळे पुढच्या जगात गुंतलेले असायचे.

हे जग म्हणजे रस्त्याच्या पलीकडची बाजू. डावीकडून बघत यायचं तर आधी सायकलचं दुकान, मग न्हाव्याचं दुकान, मग एक वाकडा कडूलिंब, मग पत्र्याचं चहाचं हॉटेल, आणि हॉटेलाच्या ओट्यावर एका कडेला शिलाई मशीन घेऊन बसलेले टेलरचाचा. हॉटेलच्या पत्र्यामागून, दोन गल्ल्या पलीकडच्या महादेवाच्या देवळाचा कळस डोकं वर काढायचा. संपलं. एवढंच. पण आप्पांनी ते सगळं माझ्या जन्माच्या आधीपासून रोज बघितलं होतं. सकाळी फळ्या काढल्या की आणि संध्याकाळी दिवा लावला की ते हात जोडून कपाळाला लावायचे. घरात सगळ्यांना ठाऊक होतं की हा नमस्कार कळसाला. विचारायचं कारणच नव्हतं.

मग ती वर्षं आली. देशानं दारं उघडली असं पेपरात यायचं. आमच्या पेठेत दारं उघडली नाहीत, दारांसकट भिंती गेल्या. रस्ता रुंद व्हायचा होता. आमची बाजूही गेली आणि समोरचीही गेली. खोटं कशाला बोलू, रस्ता झाला झकास. एसटी आता एका दमात वळते, आणि माझ्यासारखा सायकलवाला जीव मुठीत न धरता जातो. त्या रस्त्याबद्दल माझ्या मनात काडीइतकी कटुता नाही. आम्हाला मागच्या नव्या कॉम्प्लेक्सात गाळा मिळाला. गुळगुळीत फरशी, घडघडणारं शटर, वर ट्यूबलाइट. शेजारी एसटीडी बूथ, पलीकडं कॅसेटचं दुकान. गाळ्यासमोर वर स्लॅब टाकलेला बोळ, आणि बोळापलीकडं एका गोदामाची पाठ. साधी, सिमेंटची, गिलावा केलेली भिंत.

पहिल्या दिवशी पूजा झाली. मोठ्या भावानं, ज्याला मी दादा म्हणतो, नवी गादी घातली. आप्पा बसले. समोर बघितलं.

"समोर काय हाय?" त्यांनी विचारलं.

"भिंत हाय," दादा म्हणाला.

"ते दिसतंय मला."

थोडा वेळ बसले. एका गिऱ्हाइकाला कासरा दिला, तोही वळून, शोधून. मग टोपी सारखी केली, उठले, घरी गेले. दुसऱ्या दिवशी आलेच नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं ते बघवत नव्हतं. आप्पा सकाळी उठायचे, आंघोळ, पूजा, भस्म, धुतलेलं धोतर, टोपी. सगळी तयारी करून ओट्यावर येऊन बसायचे आणि कुठंच जायचे नाहीत. नवरदेव तयार आणि वरातच नाही, असा प्रकार. जेवण निम्म्यावर आलं. बोलणं तर त्याच्याही खाली गेलं. दादानं दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा चिडून म्हणाला, "आप्पा बसणार नसतील तर मला एकट्याला हे झेपत न्हाई. दोरी बंद करू, गाळा भाड्यानं देऊ." आप्पांनी मान हलवली. हो म्हणून हलवली. तेव्हा आई घाबरली.

ती मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी तेव्हा गावातल्याच शाळेत मास्तर होतो.

"तू शाळंत काय शिकवतूस?" जणू तिला माहीतच नव्हतं.

"चित्रकला."

"मग काढ की."

"काय काढू?"

"त्येंच्या समोरची बाजू. त्या भिंतीवर लाव. म्हंजे बसतील."

हे ती चपाती लाटता लाटता म्हणाली. पुढं जगभर मोठमोठे लोक संगणक घेऊन या उद्योगाला लागले, असलेल्या फोटोंवरून न काढलेला फोटो तयार करायच्या. पण त्याची कल्पना आमच्या केजात, माझ्या डोळ्यांसमोर, पोळपाटावर जन्माला आली, याची नोंद कुठंतरी व्हावी म्हणून मी ही करतोय.

आता अडचण ऐका. समोरच्या बाजूचा फोटो कुणाकडंच नव्हता. आमच्या दुकानाचे फोटो होते की! दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाचा एक. त्यात आप्पा गादीवर, मागं घमेल्यांची उतरंड. पण हा फोटो काढायला फोटोवाला रस्त्यात उभा राहायचा, म्हणजे मला जे हवं होतं त्याच्याकडं पाठ करून. वर्षानुवर्षं आम्ही पैसे मोजून नेमका उलट्या दिशेचा फोटो काढत आलो होतो. दुकानदाराचा फोटो सगळे काढतात. दुकानदाराला काय दिसतं, त्याचा फोटो कोण काढतो?

मी आठवणीनं काढायला बसलो आणि माझी मला लाज वाटली. एवढा जन्म त्या समोरच्या बाजूसमोर काढला, आणि न्हाव्याच्या दुकानाला पायऱ्या होत्या की नव्हत्या, आठवेना. दादा म्हणाला होत्या. आई म्हणाली नव्हत्या. शेवटी मी माझ्या मित्राकडं गेलो. त्याचा फोटो स्टुडिओ होता, आणि गावातली निम्मी लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली होती.

"बे मास्तर," तो म्हणाला, "वरात कुठून जाती?"

"पेठेतून."

"मग? माझ्या सगळ्या नवरदेवांच्या मागं तुझ्या बापाची समोरची बाजूच हाय की!"

त्यानं बिस्किटांचे पत्र्याचे डबे काढले. डब्यांत निगेटिव्हांच्या पट्ट्या. ज्यांच्या पट्ट्या सापडल्या नाहीत त्यांच्या घरी जाऊन आल्बम बघायचे ठरले. आणि इथून माझ्या आयुष्यातला सगळ्यात गोड चहा-पोह्यांचा काळ सुरू झाला.

लग्नाचा आल्बम बघायला आलोय म्हटल्यावर कोण नको म्हणेल? चहा, पोहे, शेवटी सुपारी. सोफ्यावर मध्ये मला बसवायचं आणि दोन्ही बाजूंनी बोटं. "ही माझी नणंद." "हे मामा, आता न्हाईत." "ही त्येंची आत्या, रुसली हुती, म्हणून तोंड असं." मी हो हो करायचो आणि खिशातलं भिंग काढून नवरीच्या कानामागं लावायचो.

एका घरच्या सासूबाईंनी ते पकडलं. "मास्तर, नवरी हिकडं हाय."

"बघितली की. छान हाय."

"मग तुमी काय बघायलाव?"

"मागची भिंत."

त्या माउलीनं आतल्या खोलीकडं बघून ओरडून सांगितलं, "अगं, आपल्या लग्नात ह्यो भिंत बघायलाय! एवढ्या पैठण्या नेसून हिंडलो आमी, कावून?" पण आल्बम तिनं काढून घेतला नाही. उलट तो फोटो चिकटपट्टीतून सोडवून माझ्या हातात ठेवला. "न्या. आप्पांनी माझ्या बापाला उधार न्हाई, फुकट दिलतं दावं. गाय सुटली हुती आमची."

असे किती फोटो मिळाले! सगळ्यांनी लग्नातून एकेक तुकडा उचलून दिला. कुणी सायकलच्या दुकानाचा कोपरा दिला, कुणी हॉटेलच्या पत्र्याची पन्हाळ. एका घरी आल्बम नव्हता, व्हिडिओ कॅसेट होती. ती लावून हॉटेल आलं की बटण दाबून थांबवायची, आणि चित्र थरथरायला लागायचं. शिवाय व्हिडिओवाल्यानं हौसेनं नवरदेवाचं तोंड बदामाच्या आकारात घालून बरोब्बर हॉटेलवर चिकटवलं होतं. नवरदेव स्वतः शेजारी बसून खजील झाला. "तवा फ्याशन हुती, सर."

आता खरी गंमत. फोटोवाला वरातीत कसा चालतो? घोड्याच्या पुढं, पाठमोरा, नवरदेवाकडं तोंड करून. त्यामुळं समोरची बाजू प्रत्येक फोटोत तिरकी. वरात खालून वर जात असेल तर एका अंगानं तिरकी, वरून खाली येत असेल तर दुसऱ्या अंगानं तिरकी. एका फोटोत कडूलिंब न्हाव्याच्या पाटीवर चढलेला, दुसऱ्यात हॉटेलच्या दारात उभा. झाड एकच, जागा एकच, पण बघणारा सरकला की ते खुशाल शेजाऱ्याच्या दारात जाऊन उभं राहायचं. मला गादीवरून हवं होतं. सरळ समोरून, बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून. आणि तिथं कुणीच कॅमेरा घेऊन बसलेलं नव्हतं.

मी शाळेच्या हॉलमध्ये सुट्टीच्या दिवशी खडूनं रस्ता आखला. विटांची दुकानं मांडली. शाईची बाटली म्हणजे कडूलिंब. मग एकेक फोटो घेऊन जमिनीवर गाल टेकवायचा, एक डोळा मिटायचा, आणि पोटावर सरकत सरकत जायचं. फोटोत जशी बाटली विटेला झाकते तशीच झाकली की थांबायचं. म्हणजे फोटोवाला त्या दिवशी इथं उभा होता! तिथं खडूची फुली. सगळ्या फुल्या झाल्या की बाटली नेमकी कुठं बसते ते नक्की व्हायचं. मग रस्त्याच्या अलीकडं आप्पांच्या गादीपाशी येऊन पुन्हा गाल जमिनीला.

हेडमास्तर कसल्याशा कामानं शाळेत आले, तर चित्रकलेचे शिक्षक पालथे पडून एका बाटलीकडं एकटक बघतायत. ते बराच वेळ दारात उभे राहिले.

"तब्येत बरी हाय न्हवं?"

"बरी हाय सर. आप्पांच्या गादीवर बसलोय."

"बसा, बसा," म्हणाले, आणि पाय न वाजवता गेले. त्या माणसानं पुढं कधीही या विषयाचा उल्लेख केला नाही. त्याबद्दलही मी ऋणी आहे.

मधे एक घोटाळा झाला. एका फोटोमुळं विटांचा सगळा बाजार उलटा व्हायला लागला. त्या फोटोप्रमाणं न्हावी हॉटेलच्या पलीकडं जायचा आणि सायकलचं दुकान थेट महादेवाच्या गल्लीत. पाटीवरची अक्षरं अंधारात पुसट, वाचायची सोय नाही. मी आणि स्टुडिओवाला तासन्‌तास भांडलो. तो म्हणाला तुझ्या विटा चुकल्या, मी म्हणालो तुझा कॅमेरा चुकला. आईनं चहा ठेवता ठेवता फोटो उचलला.

"ह्या नवरीची नथ उजवीकडं कावून?"

आम्ही दोघं फोटोवर वाकलो. नथ डावीकडंच असते हे आम्हा दोघांनाही पाळण्यातून माहीत होतं. स्टुडिओवाल्यानं पट्टी उलटी घालून फोटो छापला होता, आणि नवराबायकोसकट अख्खी पेठ आरशात गेली होती. ते जोडपं तो उलटा फोटो चौकट करून भिंतीवर लावून संसार करत होतं. कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं. आम्ही सरळ छापून नेऊन दिला, तर नवरी म्हणाली, "न्हाई, ह्यो आमचा न्हाई वाटत," आणि जुनाच परत लावला.

कळस मात्र सुरेख जमला. विटांवरून काढला तर तो गादीवरून बरोबर हॉटेलच्या पत्र्यावर, जिथं ओट्यावर टेलरचाचा बसायचे त्यांच्या डोक्याच्या नेमका वर यायचा. मी खूश. आप्पांना हवा तो नमस्कार मिळणार.

एकच जागा राहिली. तीच टेलरचाचांची. तिच्यावर एकाही फोटोत नजर पोचत नव्हती. कारण साधं होतं. हॉटेलवाल्याचा मोठा दिवा तिथं होता, म्हणून प्रत्येक वरात तिथंच थांबायची आणि तिथंच नाचायची. कधी घोड्याची मान आडवी, कधी ग्यासबत्ती डोक्यावर घेतलेली बाई, कधी ब्यांडवाल्याचा कर्णा, कधी टॉवेल दातात धरून नाचणारा मामा. त्यांच्या फटींतून चाचांचं काय दिसायचं? मशीनचं अर्धं चाक. एक गुडघा. गळ्यातल्या टेपाचं टोक. एका फोटोत मात्र घोड्याच्या आयाळीवरून कपाळाशी नेलेला हात दिसला, बोटं जुळवलेली. मला वाटलं, नवरदेवाला सलाम करतायत. सज्जन माणूस.

माणसं मला कधीच काढता आली नाहीत. माझी झाडं बरी असतात, माणसं झाडांसारखी होतात. म्हणून मी ती जागा सोडून दिली. नुसता तपकिरी ओटा.

चित्र काढलं स्नेहसंमेलनाच्या जुन्या पडद्यावर. पुढून राजवाडा, मागून कोरा. कोऱ्या बाजूवर माझी पेठ उतरली. स्टुडिओवाल्यानं आणि दादानं मिळून तो गोदामाच्या भिंतीवर ताणून बांधला, आमच्याच दोरीनं. आजूबाजूचे दुकानदार जमले. एसटीडी बूथवाला फोन तसाच धरून बाहेर आला. आई आप्पांना घेऊन आली. तिनं त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

आप्पा गादीवर बसले. समोर बघितलं. बोळात इतकी शांतता झाली की फोनमधला माणूस हॅलो हॅलो करताना ऐकू यायला लागला.

"कडूलिंबाला एवढी पानं कव्हा हुती?" आप्पा म्हणाले.

मी म्हणालो, "कमी करतो."

"आन् चप्पल कुठाय?"

"कुठली चप्पल?"

"हाटेलाच्या पत्र्यावर हुती की. डाव्या पायाची. कुणीतरी कुत्र्याला फेकून मारलती, तवापासून तिथंच."

खरंच होतं. वरातीतले सगळे फोटो पत्र्याच्या अगदी खालून काढलेले. रस्त्यापलीकडून, ओट्याच्या उंचीवरून बघणाऱ्यालाच पत्र्यावरचं दिसणार, आणि तिथून बघणारा माणूस एकच होता. मी तिथल्या तिथं ब्रश घेऊन चप्पल काढली. आप्पांनी अंगठा कुठं, टाच कुठं ते सांगितलं. मग ते सावकाश बघत राहिले. दिवा लावायची वेळ झाली होती. दादानं उदबत्ती लावली. आप्पांचे हात जुळले, छातीपर्यंत वर आले. आणि तिथंच थांबले. खाली आले.

"लई छान काढलंस बाळा," ते म्हणाले. माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग टोपी सारखी केली आणि घरी निघून गेले.

दादा माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, तेच वाईट होतं. म्हणाला, "राहू दे. तू केलंस तेवढं कोण करतंय. पुढच्या महिन्यात गाळा देऊन टाकू."

मी सोन्यासारख्या रंगाचा तो कळस बघत उभा राहिलो. एवढा चकचकीत कळस, आणि आप्पांचे हात तिथवर पोचले कसे नाहीत? मग मला घोड्याच्या आयाळीवरचा तो हात आठवला. घरी येऊन फोटो पुन्हा भिंगाखाली धरला. नवरदेव घोड्यावर फोटोवाल्याकडं बघत होता. चाचांचा हात मात्र नवरदेवाच्या दिशेला नव्हताच. रस्त्यापलीकडं होता. सरळ, आमच्या गादीकडं. आणि हॉटेलचा दिवा नुकताच लागलेला. म्हणजे दिवाबत्तीची वेळ.

दुसऱ्या दिवशी मी सायकल काढली. हॉटेल गेल्यापासून चाचा मशिदीमागच्या गल्लीत एका पडवीत बसत. तयार जीन्सचा जमाना आला होता. चाचांकडं शाळेचे गणवेश आणि उसवलेल्या शिवणी राहिल्या होत्या. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "आप्पा कैसे हैं? गादीपे बैठते ना?"

"न्हाई बसत, चाचा."

त्यांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं. "कायकू?"

मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटत होतं, पण ते तोंडात आणायचं धाडस होईना. म्हणालो, "मी चित्र काढलंय. त्यात तुमची जागा मोकळी राहिलीय. तिथं काय काय होतं ते तुमीच येऊन सांगा."

"अरे वा! सब निकाले और हमारी जगा खाली रखी?" चाचा हसले. "चलो, बताता मैं."

संध्याकाळी चाचा आले. आईनं आप्पांना निरोप धाडला की एक गिऱ्हाईक आलंय, त्याला तुमच्याच हातचा कासरा पाहिजे. आप्पा कुरकुरत निघाले. तेवढ्या वेळात चाचांनी माझं चित्र आपादमस्तक तपासलं, टेप लावून. मशीन असं होतं, कापडाचा गठ्ठा इथं, पाण्याचा तांब्या इथं. शेवटी वैतागले. "ऐसा नै होता मास्तर. बैठके बताता." एसटीडी बूथचं स्टूल ओढलं, पडद्याला लावलं, आणि त्या तपकिरी रिकाम्या जागेवर, चित्राला पाठ करून, बोळाकडं तोंड करून बसले. गळ्यात टेप. चित्रातलं भोक बंद झालं. मी इतके दिवस जमिनीवर गाल घासून जे शोधत होतो ते चहा पीत समोर बसलं होतं.

आप्पा आले. आधी खाली बघत आले, चप्पल काढली, गादीवर बसले, लोड सारखा केला. दादानं दिवा लावला. आप्पांनी मान वर केली.

काय झालं ते सांगायला मला वेळ लागतोय, पण तिथं अजिबात लागला नाही. आप्पांचे हात वर गेले, छातीशी न थांबता थेट कपाळापर्यंत. आणि समोरून चाचांचा हात, चहाचा कप दुसऱ्या हातात सांभाळत, कपाळाशी. रोजच्यासारखा. काल संध्याकाळी केला होता आणि आज करतोय, इतका सहज.

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी मला मधे पडायला नको. चाचा त्या स्टुलावरून उठले नाहीत असं म्हटलं तरी चालेल. दादानं त्यांचं मशीन बोळात आणून ठेवलं, आणि गणवेशाच्या बरोबरीनं ते बैलांच्या झुली शिवायला लागले, त्या आमच्याच दुकानात जायच्या. गाळा भाड्यानं गेला नाही. आप्पा त्यांच्या शेवटच्या आजारपणापर्यंत रोज गादीवर बसले, आणि मागं न वळता हात घालून कासरा काढायची विद्या त्यांना नव्या गाळ्यातही साधली. माझ्या चित्राचा रंग उडाला, कडूलिंब पिवळा पडला, पण चप्पल टिकली. ज्यांनी ज्यांनी आपापल्या लग्नाच्या मागचा एकेक तुकडा मला दिला, त्या सगळ्या नवऱ्या-नवरदेवांना, रुसलेल्या आत्यांना, दातात टॉवेल धरणाऱ्या मामांना, आणि विशेषतः त्या घोड्याला, माझा मनापासून दंडवत.

आता परत त्या संध्याकाळी या. सलाम झाला होता. बोळातले सगळे हसत होते, आई डोळ्यांना पदर लावत होती. एवढ्यात चाचांना हौस आली की आपण जिथं बसलोय त्या चित्रात आपल्या मागं काय काय काढलंय ते बघावं. ते स्टुलावरच गर्रकन मागं वळले. ओटा, पत्रा, चप्पल. मग नजर वर गेली. स्वतःच्या डोक्याच्या नेमकं वर, सोन्यासारखा चकाकणारा कळस.

हॉटेलच्या ओट्यावर, पत्र्याखाली, कळसाकडं पाठ करून बसलेल्या माणसाला तो कधी दिसलाच नव्हता. त्यांनी कळसाकडं बघितलं. मग आप्पांच्या हातांकडं, जे अजून पुरते खाली आले नव्हते. मग परत कळसाकडं. चहाचा कप फरशीवर ठेवला.

"आप्पा," चाचांचा आवाज एकदम बारीक झाला. "मतलब... इतके साल... वो मेरेकू नै था? इसकू था?"

दादानं माझ्याकडं असं बघितलं की हा कळस तूच रंगवलास ना, आता निस्तर. माझ्या हातात ब्रश असता तर मी तो कळस तिथल्या तिथं पुसला असता. आप्पांनी वर कळसाकडं पाहिलं, खाली चाचांकडं पाहिलं, आणि आयुष्यभर शिवपूजा न चुकवलेला तो माणूस भरल्या बोळात मोठ्यानं बोलून गेला:

"अवो चाचा, कळस काय उलटून सलाम करतोय व्हय!"